साडेसाठी

आमचा झोपाळा श्रावणात जास्त कुरकुरतो. बडोद्यात त्याला झोपाळा म्हणणारे आम्ही दांडिया बाजारातले मराठी लोक, बाकी सगळं गाव त्याला हिंचको म्हणतं. पण कुरकुर दोन्ही भाषांत सारखीच. पुढे जाताना ‘कुर्र’, मागे येताना ‘कीच’. आई दुपारी जेवण आटोपलं की जपाची माळ घेऊन त्यावर बसते. एकशे आठ मण्यांना एकशे आठ कुर्र आणि एकशे आठ कीच.

“अहो, कडीला तेवढं तेल घाला,” सौ. म्हणाली.

तेल घालणं हे दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटांची कामं माझ्या हातून होत नाहीत. दोन महिन्यांचं असेल तर मी रजा टाकून करतो. स्टुलावर चढून पाहिलं, तर कडीत कडी अडकवलेली आणि जिथे दोघींचं घासाघाशीचं नातं, तिथलं लोखंड झिजून चांदीसारखं चकचकीत झालेलं.

“हा घर्षणाचा प्रश्न आहे,” मी स्टुलावरूनच जाहीर केलं. “तेल म्हणजे वरवरची मलमपट्टी. इथे बेअरिंग बसवायला हवं.”

“उतरलास की स्टूल पुसून ठेव,” आई म्हणाली.

मी विमा कार्यालयात हिशेब बघतो. आयुष्यात यंत्राशी संबंध म्हणजे स्टेपलर, तोही अडकला की मी शिपायाला हाक मारतो. तरी मांडवीकडच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी मोठ्या आत्मविश्वासाने शिरलो. म्हटलं, बेअरिंग द्या.

“नंबर?” दुकानदार.

मी माझा मोबाइल नंबर सांगितला. चार आकडे लिहून झाल्यावर त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “काका, तमारो नहीं. बेरिंगनो.”

मग त्याने मला जे शिकवलं ते मला कुठल्याही शाळेने शिकवलं नव्हतं. बेअरिंगच्या अंगावर नंबर कोरलेला असतो आणि त्यात त्याची सगळी कुंडली असते. ६२०४ घ्या. शेवटचे दोन आकडे शून्य चार, गुणिले पाच, म्हणजे आतलं भोक वीस मिलिमीटर. ६२०५ चं पंचवीस. पण शून्य चारच्या खाली हा हिशेब चालत नाही. ६२०० चं दहा, ६२०१ चं बारा, ६२०२ चं पंधरा, ६२०३ चं सतरा, हे पाठच करावं लागतं. पाढ्यांसारखे नियम नि वर अपवाद, म्हणजे अगदी आमच्या आयकर खात्यासारखं. पुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस असेल तर रबराची. पुढचे दोन दिवस मी दिसेल त्या आकड्याचे शेवटचे दोन अंक घेऊन पाचाने गुणत होतो. एका रिक्षाचं भोक चारशे पंचाऐंशी मिलिमीटर निघालं.

“हींचका माटे छे, तो आ लई जाओ,” म्हणून त्याने चार ६२०४ कागदात बांधून दिली. वर सांगितलं, की उत्तरायणाला बेअरिंगवाली फिरकी लागली तर तीही मिळेल. मी तीही घेतली. उत्तरायणाला पाच महिने होते.

इथे झोपाळ्याची गोष्ट संपायला हवी होती. पण घरी येऊन मी एक बेअरिंग बोटात घालून बाहेरच्या कड्याला टिचकी मारली, आणि माझी अवस्था हातात पहिल्यांदा खुळखुळा आलेल्या बाळासारखी झाली. ते फिरलं. आवाज नाही, कुरबूर नाही, मान हलवून हो म्हणणाऱ्या कनिष्ठ कारकुनासारखं फिरलं. फक्त लवकर थांबलं. मला जास्त वेळ फिरायला हवं होतं. मी झाकणं उचकटून चारही बेअरिंगं रॉकेलमध्ये रात्रभर भिजवली आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासली. आता एका टिचकीत गरगर, गरगर, गरगर. ऑफिसात नेलं. जेवणाच्या सुट्टीत स्पर्धा लागल्या. साहेबांनीही टिचकी मारली आणि आपण जिंकलो असं जाहीर केलं. आम्ही मान्य केलं.

शेजारचे भाई तीस वर्षं माणेजाच्या बेअरिंग कारखान्यात होते. साठच्या दशकापासून तिथे बेअरिंगं बनतात, आणि निवृत्तीनंतरही भाई वरणभातात बोट घालून आधी त्याचा घट्टपणा तपासतात. मी त्यांना माझी कामगिरी दाखवली.

“ग्रीस काढून टाकलं?” भाई मटकन झोपाळ्यावर बसले. कुर्र.

“आता बघा किती फिरतं!”

“कोरडं आहे म्हणून फिरतं. कामाचं बेअरिंग हाताला जड लागतं, पोटात ग्रीस असतं ना. असं गरगरणारं फक्त दाखवायला. भार पडला की खाऊन टाकेल स्वतःला.” मग माझ्याकडे नि बेअरिंगकडे आळीपाळीने पाहून म्हणाले, “ऑफिसात दाखवलं असेल सगळ्यांना.”

पण मी आता थांबण्याच्या पलीकडे गेलो होतो. बेअरिंग हे प्रवेशद्वार असतं. त्यातून आत गेलं की गिअर भेटतात, आणि गणपती तीन आठवड्यांवर आले होते. यंदा बाप्पापुढे चालत्या उंदराचा हलता देखावा करायचा, असं मी ठरवलं.

सौ.ची मान्यता मिळवण्यासाठी मी इतिहासाचा आधार घेतला. म्हटलं, ही बडोद्याची परंपराच आहे. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते कशाला? लोकांच्या हाताला यंत्र लागावं म्हणून. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. कमाटीबागेतल्या फुलांच्या घड्याळाचं यंत्र जमिनीखाली आहे, वर नुसती फुलं आणि काटे. मी काय वेगळं करतोय? आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई! फाळक्यांच्या फिल्मला भोकं पाडायला त्या रात्र रात्र अंधारात बसत. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, त्यात त्या माउलीचा वाटा किती!

“फाळक्यांनी कॅमेरा आणायला स्वतःची विम्याची पॉलिसी गहाण ठेवली होती,” सौ. शांतपणे म्हणाली. “तुम्ही माझा मिक्सर उघडलाय.”

मिक्सर मी उघडला होता हे खरं. पण त्याची मोटर भलतीच पळणारी निघाली. त्या वेगाने उंदीर बाप्पाभोवती फिरला असता तर तो दिसलाच नसता. मिक्सर पुन्हा बंद करताना तीन स्क्रू उरले. ते मी डबीत जपून ठेवले. मिक्सर तेव्हापासून चटणी वाटताना पुढे चालत येतो.

शेवटी माळ्यावरचा बंद पडलेला मायक्रोवेव्ह सापडला. त्याच्या तळाशी काचेची ताटली फिरवणारी एक चपटी मोटर असते, मिनिटाला जेमतेम पाच फेरे घेणारी. आम्हाला असाच संथ वेग पेलणार होता.

आराखडा असा. एक लंबगोल पट्टा, दोन टोकांना दोन पुल्या. पट्टा आईच्या शिलाई मशीनचा. पुल्यांत दोन-दोन ६२०४. शंभर किलोचा माणूस झुलवायला आणलेली चार बेअरिंगं पन्नास ग्रॅमचा कापडी उंदीर ओढणार होती. उजव्या टोकाला आई बसणार आणि उंदराच्या पाठीवरच्या बशीत मोदक ठेवणार. उंदीर समोरून ऐटीत बाप्पाच्या पायाशी येणार. तिथे एक आडवी काडी मोदक चांदीच्या ताटलीत ढकलणार. आणि रिकामा उंदीर पडद्यामागून वळसा घालून पुन्हा आईपाशी. मोटरवर साठ दात्यांचं मोठं चक्र, पुलीवर वीस दात्यांचं छोटं, म्हणजे पाचाचे पंधरा फेरे. कागदावर हे इतकं सुंदर दिसत होतं की मी खाली सही करून तारीख घातली.

आमच्या घरात दाते हा शब्द आजवर फक्त पंचांगाच्या संदर्भात उच्चारला गेला होता. साठ दाते प्लायवुडमधून कापणं म्हणजे काय, ते त्या आठवड्यात कळलं. एक दाता नि पुढची खाच मिळून एक सेंटीमीटर, असे साठ म्हणजे परीघ साठ सेंटीमीटर, म्हणून व्यास १९.१ हवा. मी कापला तो भरला १९.३. दोन मिलिमीटर! दोन मिलिमीटरला काय होतं, असं म्हणून मी खुणा करत सुटलो. रात्री साडेअकराला एकोणसाठ, साठ... आणि सुरुवातीच्या दात्याच्या आधी सहा मिलिमीटरची एक मोकळी जागा माझ्याकडे बघत होती. व्यासात दोन चुकले की परिघात सहा चुकतात, यात पायचा हात असतो, हे मला शाळेत कुणीतरी सांगितलं असणार. एकसष्टावा दाता बसेना आणि मोकळं सोडवेना. मी तिथे अर्धा दाता कापला.

“किती दाते झाले?” आईने सकाळी विचारलं.

“साडेसाठ.”

“साडेसाती ऐकली होती. ही साडेसाठी नवीनच.”

अर्ध्या दात्यापाशी आलं की चक्र अडखळायचं, टक् म्हणून उडी मारायचं आणि पुढे जायचं. पाच फेऱ्यांच्या हिशेबाने दर बारा सेकंदांनी एकदा. उंदीर म्हणजे बारा सेकंद चालणार, मग जोरात दचकणार, पुन्हा चालणार. मी हे लपवायला फुलांच्या माळा सोडल्या. पण हरतालिकेच्या दिवशी पाहायला आलेल्या मामी म्हणाल्या, “अगंबाई, दचकतो कसा बघ! अगदी खरा उंदीर!” तेव्हापासून तो दोष नसून कल्पना आहे, असं मी सांगायला लागलो.

पण मुख्य चाचणीत वेगळंच घडलं. बटण दाबलं आणि उंदीर शेपटीकडून निघाला. आईने ठेवलेला मोदक घेऊन तो थेट पडद्यामागे गेला, आणि पलीकडून समोर आला तो रिकामा, पाठच्या पायांनी चालत. मोदक मागे कुठे तरी पडला असावा. शोधला, सापडला नाही.

मी पुस्तक काढलं. दोन गिअर शेजारी शेजारी आले की ते उलट्या दिशांनीच फिरणार. दिशा जमवायची तर मधे तिसरं चक्र घालायचं. गंमत म्हणजे या मधल्याने वेग कमी होत नाही नि वाढतही नाही. स्वतःचं काही न घालता इकडचं तिकडे पोचवायचं, एवढंच त्याचं काम. लग्नाच्या याद्या ठरवताना असा एक गृहस्थ असतोच आणि त्याच्यावाचून खरंच अडतं. रात्री दोन वाजेपर्यंत मी तो गृहस्थ कापला, बसवला, बटण दाबलं. उंदीर नाकासमोर चालला! मी झोपलेल्या सौ.ला उठवून दाखवलं. तिने एक डोळा उघडून पाहिलं आणि “दिवा घालवा” म्हणाली.

चतुर्थीला सकाळी आरती झाली, वीस-पंचवीस माणसं जमली, मी दोन शब्द बोललो आणि भाच्याला म्हटलं, “दाब बटण.” भाचा दहा वर्षांचा. पडद्यामागे बसून यंत्र सांभाळायची जबाबदारी त्याने आपणहून मागून घेतली होती. उंदीर निघाला. शेपटीकडून. मोदक घेऊन. पडद्यामागे.

लोक आधी गप्प, मग एकदम हसू फुटलं. उंदीर मोदक पळवतो! काय कल्पना आहे! एक म्हणाले, हा महानगरपालिकेवर टोला आहे. दुसऱ्यांना त्यात आमच्या मंडळाचा खजिनदार दिसला. खजिनदार तिथेच होते, ते चहा न घेता गेले. मी मधलं चक्र काढलं. दुपारी उंदीर सरळ. संध्याकाळी उलटा. मी मधलं चक्र पुन्हा घातलं. रात्री सरळ, सकाळी उलटा. तीन दिवसांत मी ते चक्र अकरा वेळा काढलं नि घातलं, आणि पुस्तकातल्या नियमावरचा माझा विश्वास उडाला. बडोद्याच्या हवेत गिअर वेगळे वागत असावेत, असं मी भाईंना सांगितलं.

एक सांगायला हवं, की यंत्र धड चालायला वेळ लागण्याची इथली रीत जुनीच आहे. गायकवाडांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम वीस मैल अरुंद लोहमार्ग बांधला आणि त्याच्यावर डबे ओढायला बैल जुंपले. पुढे इंजिनं आली, तर त्यांचं वजन रुळांना सोसेना. वाफेची गाडी नेमाने धावायला १८७३ उजाडलं. तोवर बैल. या हिशेबाने माझं फार काही बिघडलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आमचे काका दर्शनाला आले. वय सत्याऐंशी, वडिलांनी संस्थानात नोकरी केलेली. उंदीर बाप्पाकडे तोंड ठेवून मागे मागे सरकत जाताना त्यांनी पाहिला आणि त्यांचा चेहरा कठोर झाला.

“हे काय? मुजरा करून पाठ न दाखवता मागे जातोय?”

“काका, तो जरा गिअरचा...”

“अरे, १९११ साली दिल्ली दरबारात खुद्द बादशहासमोर आमचे महाराज पाठ फिरवून चालते झाले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी गहजब केला, तरी झाले! आणि बडोद्याचा उंदीर असा वागतो? सरळ कर त्याला.”

पडद्यामागून खुसखुस ऐकू आली. उंदीर थांबला. निघाला, पुन्हा उलटाच. थांबला. निघाला, तो सरळ, नाकासमोर, बाप्पाला पार करून पाठ दाखवत ताठ चालता झाला. बारा सेकंदांनी दचकला, पण काकांनी तेवढं सोडून दिलं.

भाई कोपऱ्यात बसून हे बघत होते. “मोटर कुठली?” त्यांनी विचारलं.

“मायक्रोवेव्हची.”

भाई इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. “अरे भाई, ती सिंक्रोनस मोटर! चालू करताना विजेची लाट ज्या क्षणाला हाती लागेल, तिकडे तोंड करून पळते. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. तुम्ही मधे एक चक्र घाला की चार घाला. मायक्रोवेव्हची ताटली कधी या बाजूने, कधी त्या बाजूने फिरते, घरात कुणी पाहिलं नाही?”

“पाहिलंय की,” सौ. म्हणाली. “आठ वर्षं बघतेय.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही गिअरबद्दल बोलत होतात. ताटलीबद्दल कुठे विचारलंत?”

मी पडदा बाजूला केला. भाच्याच्या एका हातात बटण होतं, दुसऱ्या हातात अर्धा मोदक. समोर कळ्या मोडलेल्या मोदकांची ताटली. त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, की सरळ गेला तर मोदक बाप्पाला आणि उलटा आला तर आपल्याला. सरळ निघाला की बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, उलटा निघेपर्यंत. “मामा, कधी कधी सहा-सहा वेळा दाबावं लागतं,” तो कष्टाळू माणसाच्या आवाजात म्हणाला.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. उंदीर भाच्याने मागून घेतला. चार बेअरिंगं मोकळी झाली. भाईंनी ओळखीच्या वेल्डरकडून चार कड्या करून आणल्या, त्यांत ती बसवली, आणि बसवण्याआधी प्रत्येकात तेलाचा एकेक थेंब सोडला. तेलाचा! सौ.ने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

झोपाळा टांगला. काकांना मानाने पहिलं बसवलं, हातात चहाची बशी दिली, आणि मी एक हलका झोका दिला. कुर्र नाही, कीच नाही. सगळे कौतुकाने गप्प. काका पुढे गेले, मागे आले, पुढे गेले. बशीतला चहा पहिल्या फेरीत धोतरावर, दुसऱ्यात माझ्या शर्टावर. पाय टेकवून थांबवू म्हणाले, तर पाय टेकेपर्यंत झोपाळा मागे. आईने जपाची माळ खाली ठेवून मोजायला सुरुवात केली. चाळीस झाले तरी काका येतच होते.

“अरे, हा थांबत कसा नाही?” काका पुढे जाताना म्हणाले. “उतरवा मला!” हे मागे येताना.

“घर्षणच राहिलं नाही ना, काका,” मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “याला ब्रेक हवा. सायकलचा नको, गाडीला असतो तसा, ड्रमचा. एक छोटी मोटर मिळाली तर...”

आतून मिक्सर उचलल्याचा आवाज आला. मग कपाटाचं दार. मग किल्ली फिरल्याचा.